इचारलं का कोनाले?

गेल्या आठवड्यात माझ्या टेबलावर एक वही आली. निळ्या पुठ्ठ्याची, आखलेली, कोरी. खामगावच्या ज्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर गणित शिकवते, तिथे पुढच्या महिन्यात तपासणी समिती येणार आहे. वहीवर 'उपचारात्मक वर्ग, हजेरी' असं लिहिलेलं होतं आणि आत जुलैपासूनच्या तारखा आधीच घालून ठेवल्या होत्या. मागे पडलेल्या मुलींसाठीचा हा जादा वर्ग एकदाही झालेला नव्हता. शिपाई म्हणाला, मुलींच्या सह्या तेवढ्या घेऊन ठेवा मॅडम, पेन वेगवेगळे वापरायला सांगा. मी वही ठेवून घेतली आणि दिवसभर माझं डोकं तडकलेलं राहिलं, कारण ही वही माझ्या ओळखीची होती. अशाच एका वहीत मी स्वतः सह्या केल्या होत्या. ती वही आठवली की सोनोने बाई आठवतात, आणि सोनोने बाई आठवल्या की आधी त्यांचा राग आठवतो.

बुलढाण्याच्या आमच्या कॉलेजात ग्रंथालयाला एक खिडकी होती. आत विद्यार्थ्यांना सोडत नसत. बाहेर उभं राहून चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव लिहायचं आणि जाळीखालून आत सरकवायची. ज्याला पुस्तकाचं नावच माहीत नाही त्याने काय लिहायचं, हा प्रश्न ती पद्धत पाडणाऱ्याला पडला नव्हता. त्या खिडकीत सोनोने बाई बसत. ग्रंथपालाची जागा कित्येक वर्षं रिकामी होती. एका प्राध्यापकांकडे तिचा जादा कार्यभार होता आणि ते महिन्यातून एकदा सह्या करून जात. बाई कागदावर परिचर होत्या, म्हणजे पुस्तकं पुसायची आणि माठ भरायचा. प्रत्यक्षात ते ग्रंथालय त्याच चालवत.

ठेंगणी, रुंद मनगटांची बाई. चष्मा काळ्या नाडीने गळ्यात अडकवलेला, पदर कमरेला खोचलेला. खिडकीच्या गजाला दोऱ्याने एक पेन बांधलेलं असे, कारण पोरं पेन आणत नाहीत आणि नेलेलं परत देत नाहीत. दुपारची भाकरी आणि ठेचा त्या खिडकीतच उभ्याने खात, म्हणजे त्या वेळेत आलेल्याला परत जावं लागू नये. खिडकीच्या आतल्या बाजूला, त्यांना दिसेल असा, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर हाताने लिहिलेला एक तक्ता होता. त्यावर एसटीच्या वेळा होत्या. कोणत्या गावची गाडी किती वाजता येते, किती वाजता सुटते, शेवटची कोणती. मुलांना त्या नावाने ओळखत नसत. गावाच्या नावाने हाक मारत. मी त्या खिडकीत कायम 'ए देऊळघाट' होते.

पहिल्यांदा खिडकीशी गेले तेव्हा मी चिठ्ठीत 'फिजिक्सचे चांगले पुस्तक' असं लिहिलं होतं. माझे वडील देऊळघाटला भाजीपाला पिकवतात, माझं बारावीपर्यंतचं सगळं मराठीतून झालेलं. कॉलेजात सर इंग्रजीतून वाचून दाखवत आणि मराठीतून रागावत, त्यातलं मला दुसरंच तेवढं कळायचं. बाईंनी चिठ्ठी वाचली, चष्मा वर केला.

"चांगलं म्हंजे? वांगे घ्यायले आली का?"

रांगेत हशा पिकला. मी मागे फिरणार तेवढ्यात त्यांनी थांबवलं, गाव विचारलं आणि मग तो प्रश्न विचारला जो त्या दिवसातून पन्नासदा विचारत.

"कोनतं पुस्तक लागते म्हनून इचारलं का कोनाले?"

नाही म्हटलं. काऊन नाही, म्हणाल्या. विचारलं की आपल्याला येत नाही हे चारचौघांत कळतं, हे मला त्या वयात बोलता आलं नाही. बाईंनी बाजूचं दार उघडून मला आत घेतलं, जे नियमात बसत नव्हतं, आणि खालच्या कप्प्यातून एक जाड परिभाषा कोश काढून माझ्या हातात आदळला. इंग्रजी शब्द, समोर मराठी शब्द. पानं एकमेकांना चिकटलेली होती. म्हणाल्या, हे सरकारने तुझ्यासारख्यांसाठीच छापलं, आलं तसं पडून आहे, कोणी मागितलं नाही. त्या कोशाने माझं पहिलं वर्ष निघालं. पण बाईंचा राग काही माझ्यापुरता नव्हता. इतकी वर्षं तो न मागणाऱ्या सगळ्यांवर त्या चिडलेल्या होत्या, आणि तो मागता येतो हे न सांगणाऱ्यांवर त्याहून जास्त.

त्यांना एक खोड होती. कॉलेजात येणारं प्रत्येक परिपत्रक त्या वाचत. कार्यालयातून रद्दी म्हणून निघालेली, फायलीत लागलेली, शिपायाच्या हातात दिसलेली, सगळी. वर्षभरासाठी पुस्तकांचा संच मिळतो, उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागता येते, मागे पडलेल्यांसाठी वेगळा वर्ग घ्यावाच लागतो, ज्याला लिहिता येत नाही त्याला लेखनिक मिळतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. नव्या मुलांना त्या कॅलेंडरच्या चतकोर कागदावर स्वतःच्या अक्षरात ही यादी लिहून देत. वर मथळा असे: या कॉलेजात तुम्हाले काय काय मागता येते. खाली एक ओळ: मागतल्याशिवाय भेटत नाही.

कार्यालयाशी त्यांचं कायम वाजलेलं असे. नोटिशीचा फलक काचेच्या पेटीत होता, पेटीला कुलूप, किल्ली हेडक्लार्ककडे. नोटीस लागायची ती शेवटची तारीख उलटल्यावर, नाहीतर त्याच दिवशी दुपारी. कोणी विचारायला गेलं की ठरलेलं उत्तर, नोटीस लावली होती. हे तीन शब्द ऐकले की बाईंच्या कपाळाची शीर दिसायला लागे. एकदा पुस्तकसंचाच्या अर्जाची नोटीस अशीच तारखेला लागली. बाई ग्रंथालयातून उठल्या, फलकासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला मोठ्याने वाचून दाखवायला लागल्या. पार हेडक्लार्कच्या टेबलापर्यंत आवाज जाईल असा. तासाभराने हेडक्लार्क बाहेर आले आणि अर्जाची मुदत शनिवारपर्यंत वाढवल्याचं सांगून गेले. बाई हसल्या नाहीत, आभार मानले नाहीत. एवढंच म्हणाल्या, की ही वाढीव मुदत पण आता पेटीत लावा, आजच.

आम्हाला त्यांची भीती वाटायची आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटायची. आपल्यासाठी कोणीतरी इतक्या मोठ्याने भांडतंय याची लाज. आता वाटतं, लाज वाटायला हवी होती ती वेगळ्याच गोष्टीची.

ती गोष्ट दुसऱ्या वर्षाची. वर्षा माझ्या बाकावर बसायची. मोताळ्याच्या पुढच्या एका खेड्यातून यायची, म्हणून खिडकीत तिचं नाव 'मोताळा'. गणिताच्या पेपरात ती दोनदा नापास झाली होती. हुशार नव्हती असं नाही, आठवीपासून तिला गणिताला धड शिक्षक मिळाला नव्हता, त्यामुळे पायाच कच्चा. घरी स्पष्ट सांगितलं होतं की या खेपेला पेपर निघाला तर कॉलेज, नाहीतर पुरे. कॉलेजात गणिताचा उपचारात्मक वर्ग होता. म्हणजे वेळापत्रकात होता, दुपारी चार वाजता. वर्षाची गाडी साडेतीनला सुटायची, आणि त्यानंतर तिच्या गावाला गाडी नव्हती. अर्थात त्याने काही बिघडत नव्हतं, कारण चार वाजताही तो वर्ग होत नव्हताच.

त्या हिवाळ्यात समिती येणार होती. एक दिवस प्रॅक्टिकलच्या तासाला विभागाचे सर निळी वही घेऊन आले. म्हणाले, सगळ्यांनी आपापल्या नावापुढे सह्या करून टाका, कॉलेजच्या इज्जतीचा प्रश्न आहे, आणि पेन बदलत चला. टेबलावर समोसे आले. आम्ही जून ते डिसेंबरच्या सह्या वीस मिनिटांत केल्या. निळ्या पेनाने, काळ्या पेनाने, मधेच एखादी तारीख गैरहजर सोडून, म्हणजे खरं वाटावं. मी तर एका सहीवर मुद्दाम शाई सांडली आणि मैत्रिणींना दाखवून हसले. वर्षानेही केल्या. आम्हा कोणालाच हे खोटं आहे असं वाटलं नाही. सरांनी सांगितलेलं काम होतं, केलं.

आठवड्याभराने वर्षा खिडकीशी गेली. बाईंनी तिच्याकडून अर्ज लिहून घेतला. तिने लिहिलेला फाडून पुन्हा, असा तीनदा. गणिताचा वर्ग दुपारी एक वाजता घ्यावा, गावाकडच्या मुलींना गाड्या असतात, सोबत गाड्यांच्या वेळा जोडल्या आहेत. साधा, सरळ अर्ज. चौथ्या दिवशी कार्यालयातून उत्तर आलं. अर्जदार विद्यार्थिनी सदर वर्गास सत्रभर उपस्थित असल्याचे हजेरीवरून दिसून येते, सबब मागणीचा विचार करता येत नाही. सोबत हजेरीच्या पानाची झेरॉक्स. मी वर्षाबरोबर होते. बाईंनी तो कागद वाचला. मग झेरॉक्स जाळीतून बाहेर सरकवली आणि बोट ठेवलं.

"हे सही कोनाची?"

वर्षा म्हणाली, माही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पण मान हलवली. खिडकीचं लाकडी दार त्यांनी आतून लावून घेतलं. भर दुपारी, रांग उभी असताना. बाई तिथे असेपर्यंत ती खिडकी कामाच्या वेळेत बंद झालेली मी तेवढीच पाहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना सायकल स्टँडपाशी बोलावलं. बोलल्या त्या ओरडून नाही, आणि तेच जास्त लागलं. "लोकायनं तुमचं तोंड बंद केलं असतं तं म्या भांडली असती. तुमी आपल्या हातानंच आपलं तोंड शिवून देल्लं. आता कोनासंग भांडू म्या?" मग त्यांनी एक कागद काढला. लिहिलेलं असं: आम्ही खाली सही करणारे लिहून देतो की गणिताचा उपचारात्मक वर्ग एकही झालेला नाही, वहीतल्या आमच्या सह्या खऱ्या नाहीत, तरी वर्ग दुपारी एक वाजता खरोखर सुरू करावा. ते दोऱ्याचं पेनही त्या खिडकीवरून सोडून घेऊन आल्या होत्या.

वर्षाने सही केली. मग पेन माझ्याकडे आलं. प्रॅक्टिकलचे मार्क त्याच सरांच्या हातात होते. मी म्हटलं, घरी विचारून उद्या करते. माझ्या मागच्यांनीही तेच म्हटलं. कोणाला घरी विचारायचं होतं, कोणाची गाडी सुटत होती. खोट्या सह्या मी हसत हसत केल्या होत्या आणि खरी एक माझ्या हातून झाली नाही. याचा राग मला आजही येतो, आणि तो सरांवर नाही, हेडक्लार्कवर नाही, माझ्यावर येतो.

बाईंनी वाट पाहिली. चार दिवस रोज खिडकीत कागद समोर ठेवलेला असे. पाचव्या दिवशी तो घडी करून त्यांनी ठेवून दिला. वर्षा म्हणाली, माझ्या एकटीचा द्या. बाई म्हणाल्या, "एकटीचा नाई देत. एकटीले खाऊन टाकतीन."

तरी त्या स्वस्थ बसल्या नाहीत. तिसऱ्या वर्षाला गणितात पहिली आलेली एक मुलगी होती, तिला त्यांनी गाठलं आणि दुपारी एक ते दोन वाचनकक्षात वर्षाला शिकवायला बसवलं. स्वतः दारात स्टुलावर बसून राहायच्या, कोणी हटकू नये म्हणून. गणितातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण वर्षाने एखादं उदाहरण सोडवलं की विचारायच्या, जमलं का? जमलं म्हटलं तर दुसरं करायला लावायच्या. तीन आठवड्यांत वर्षाचा चेहरा बदलला होता.

मग समिती आली. बाईंना बजावलं होतं की पुस्तकं काढून द्यायची आणि गप्प राहायचं. समितीतले एक गृहस्थ खिडकीशी थांबले आणि सहज म्हणाले, उपचारात्मक वर्गाची मुलं पुस्तकं नेतात ना? बाईंनी कपाटामागून सुतळीने बांधलेला गठ्ठा काढला. त्या वर्गासाठी आलेला पुस्तकांचा संच, आला तसाच बांधलेला.

"वर्गच झाला नाई साहेब, तं पुस्तकं कायले नेतीन?"

प्राचार्य शेजारी उभे होते. ते गृहस्थ हसले, बाई फार स्पष्ट बोलतात म्हणाले, आणि पुढे गेले. हातातल्या टिपणवहीत त्यांनी काहीही लिहिलं नाही. कॉलेजला चांगला शेरा मिळाला, फटाके फुटले. सोमवारी बाईंची बदली झाली. कॉलेजातल्या कॉलेजातच. मागच्या बाजूला जुन्या कागदपत्रांची खोली होती, तिथे. वाचनकक्षाला दुपारच्या सुट्टीत कुलूप लागायला लागलं. शिकवणारी मुलगी घाबरून यायची बंद झाली. मार्चमध्ये वर्षाचा पेपर थोडक्यात राहिला आणि जूनमध्ये ती आली नाही. तिच्या बाकावर मी एकटी बसायला लागले आणि प्रॅक्टिकलला मला उत्तम मार्क मिळाले.

ही सगळी कथा माझ्या टेबलावरच्या कोऱ्या वहीने वर काढली. शनिवारी सुट्टी टाकली आणि बुलढाण्याची गाडी पकडली. घाट चढेपर्यंत मला वाटत होतं की बाई निवृत्त झाल्या असतील. नव्हत्या झाल्या. महिनाअखेरीला होणार होत्या. मागच्या खोलीत, छतापर्यंत बांधलेल्या गठ्ठ्यांमध्ये, खुर्चीत ताठ बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते, चष्म्याची नाडी तीच. मी नाव सांगितलं. ते त्यांना आठवेना. देऊळघाट म्हटलं तेव्हा मान वर झाली.

मी वहीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तशीच वही इथे पण फिरून राह्यली, परवापासून. मग उठून एका गठ्ठ्याखालून कॅलेंडरच्या कागदाची घडी काढली. सायकल स्टँडपाशी आमच्यासमोर धरलेला तोच अर्ज. वर्षाची एकटीची सही, शाई तपकिरी झालेली. वर्षा आता मोताळ्याला अंगणवाडीत मदतनीस आहे. बाईंनी तिला फोन करून विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, माझी सही आहे ना, मग द्या. फक्त एकटीचा द्यायचा नव्हता म्हणून बाई थांबल्या होत्या. त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि टेबलाच्या कडेला दोऱ्याने बांधलेलं पेन माझ्याकडे सरकवलं.

मी सही केली. सहीखाली तारीख घालताना मी थांबले, कारण वर अर्जावर जुनी तारीख होती. बाई म्हणाल्या, "आजची टाक."

कागद घेऊन त्या कार्यालयाच्या खिडकीशी गेल्या, मी मागे. आतल्या तरुण क्लार्कने वाचलं आणि म्हणाला, राहू द्या, साहेबांना दाखवतो. बाई म्हणाल्या, शिक्का मार आणि आवक क्रमांक दे. तो म्हणाला, बाई, दहा दिवस राहिलेत तुमचे, कशाला? बाई दोन्ही हात खिडकीच्या फळीवर ठेवून उभ्या राहिल्या. मागे रांग वाढली, कोणीतरी कुरकुरलं, त्या हलल्या नाहीत. शेवटी शिक्का पडला. पोच त्यांनी दोनदा वाचली आणि ब्लाऊजमध्ये खोचली.

फाटकापर्यंत त्या माझ्याबरोबर आल्या. माझ्या वहीचं काय करणार, विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं की सोमवारपासून मी स्वतः वर्ग घेणार आहे, बिनपगारी, रोज दुपारी चार वाजता, आणि झालेल्या वर्गाचीच हजेरी घेणार आहे. मला वाटलं, निदान आज तरी त्या हसतील. त्यांनी चष्मा वर केला.

"तुह्या पोरी कोनत्या गाडीनं येतात? इचारलं का कोनाले?"

मी कोणालाच विचारलं नव्हतं. बाईंनी माझ्याकडे तसंच पाहिलं जसं त्या खिडकीतून पाहायच्या, मग पाठ फिरवली आणि पदर कमरेला खोचत मागच्या खोलीकडे तरातरा चालू लागल्या.